माद्रिदचा बाक, उल्मचं कोर्ट आणि अमेरिकेचा फोन: युरोपात बास्केटबॉलपटू व्हायचं तर सुरुवात कुठून करावी?

“मामा, बाकावर बसूनही शिकता येतं ना?”

भाच्याने हा प्रश्न टाकला तेव्हा आम्ही दोघं स्कोअर-टेबलावर होतो. जर्मनीत मुलांच्या सामन्यांत टेबल सांभाळायचं काम यजमान क्लबचे पालक आणि थोरली मुलंच करतात. त्या शनिवारी सोळा वर्षांखालच्या मुलांचा सामना होता. मी चोवीस सेकंदांच्या घड्याळावर, तो गुणपत्रिकेवर. चेंडू रिंगला लागून पुन्हा आक्रमण करणाऱ्याच संघाच्या हातात गेला तर घड्याळ चौदावर आणायचं असतं. प्रश्नाच्या नादात मी चोवीसचं बटण दाबलं. पंच शिट्टी फुंकून टेबलाशी आले आणि कोपऱ्यात केक विकणाऱ्या आयांसकट सगळ्या हॉलने माझ्याकडे बघितलं. उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

भाचा सतरा वर्षांचा आहे, उंची एक मीटर ब्याण्णव, जागा गार्डची. एकोणीस वर्षांखालच्या जर्मन लीगमध्ये, म्हणजे एनबीबीएलमध्ये खेळतो. ताईच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्यापुढे “चार ऑफर” आहेत. खरं सांगायचं तर कागद एकच आहे, इथल्या क्लबचा. स्पेनच्या एका क्लबाने चाचणीला बोलावलंय, अमेरिकेतल्या एका कॉलेजचा सहायक कोच व्हॉट्सॅपवर अंगठे पाठवतोय आणि एका एजंटाने बोलता बोलता बेलग्रेडचं नाव काढलंय. जर्मनीत, हॉलंडात, इंग्लंडात वाढणारी आणखीही मराठी मुलं या वळणावर येतील, म्हणून आमच्या घरातली चर्चा जरा नीट मांडून ठेवतो. मी स्वतः नागपुरात सिमेंटच्या कोर्टवर गुडघे फोडून घेण्यापलीकडे काही खेळलो नाही. पण इथे पंधरा वर्षं हॉलच्या पायऱ्यांवर बसून बरंच पाहिलंय.

दोनशे मिनिटं

आधी एक साधा हिशेब. युरोपात सामना चाळीस मिनिटांचा, कोर्टवर पाच जण. म्हणजे एका संघाकडे एका सामन्यात वाटायला दोनशे मिनिटं असतात, आणि संघपत्रकावर नावं बारा. मोठ्या क्लबांकडे करार झालेले खेळाडू पंधरा-सोळा. सतरा-अठराच्या पोराने पहिला प्रश्न हाच विचारायचा, की या दोनशेतली किती माझ्या वाट्याला येणार आणि ती कोणाच्या ताटातून काढून मला देणार? लीगचं नाव, हॉलची क्षमता, जर्सीचा रंग हे सगळं त्यानंतर.

दुसरी गोष्ट म्हणजे युरोपातला मोठा क्लब दोन गाड्या एकदम ओढत असतो. आठवड्याच्या मध्याला युरोलीग, म्हणजे युरोपातल्या सर्वांत मोठ्या क्लबांची स्पर्धा, आणि शनिवार-रविवारी देशातली लीग. 2025-26 पासून युरोलीगमध्ये वीस संघ आहेत, म्हणजे साखळीतच अडतीस सामने. स्पेनच्या एसीबी लीगमध्ये अठरा संघ, म्हणजे आणखी चौतीस. चषक आणि बाद फेऱ्या धरल्या तर माद्रिद किंवा बार्सिलोनाचा खेळाडू हंगामात ऐंशीच्या आसपास जातो. आपल्याला वाटतं, इतके सामने आहेत तर पोराला संधी मिळेलच. घडतं उलटं. प्रत्येक सामना महत्त्वाचा, हरलं की कोचची खुर्ची हलते, आणि सराव करायला आठवड्यात वारच उरत नाही. अशा वेळी कोच चौतिशीतल्या, हजार वेळा तोच डाव खेळलेल्या गड्यावर भरवसा टाकतो. त्याच्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं.

स्पेन: वाडा मोठा, रांगही मोठी

स्पेनचं नाव काढलं की सगळे लुका डॉन्चिचकडे बोट दाखवतात. लुब्लियानाचा हा मुलगा तेराव्या वर्षी रेआल माद्रिदमध्ये गेला, 30 एप्रिल 2015 रोजी सोळाव्या वर्षी पहिल्या संघातून उतरला आणि मारलेला पहिलाच फटका थ्रीचा होता. 2018 मध्ये माद्रिदला युरोलीग जिंकून देताना हंगामाचा आणि फायनल फोरचा (शेवटच्या चार संघांच्या फेरीचा), दोन्हीकडे सर्वोत्तम खेळाडू तोच. त्यानंतर एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक लीग.

ही गोष्ट खरी आहे आणि म्हणूनच घातक आहे. एक सचिन सोळाव्या वर्षी कराचीत खेळला म्हणून सोळा वर्षांच्या प्रत्येक पोराने शाळा सोडायची नसते. डॉन्चिचच्या वयोगटातली जी मुलं माद्रिदच्या त्याच वसतिगृहात राहिली आणि पुढे दुसऱ्या श्रेणीत विरून गेली त्यांच्यावर कोणी माहितीपट काढत नाही.

त्यापेक्षा अलीकडचं उदाहरण जास्त उपयोगी. येगोर द्योमिन आणि उगो गोन्सालेस, दोघंही माद्रिदच्या ज्युनिअर संघातले, एकाच पिढीतले. द्योमिन 2024 मध्ये बीवाययू या अमेरिकन विद्यापीठात गेला. गोन्सालेस माद्रिदच्या पहिल्या संघात राहिला आणि हंगामभर मिनिटांसाठी झगडला. 2025 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ क्रमाने तरुण खेळाडू निवडतात त्यात, द्योमिन आठवा गेला, गोन्सालेस अठ्ठाविसावा. बार्सिलोनाचा कास्पारास याकुचिओनिसही इलिनॉयला गेला होता, तो विसावा. एवढ्यावरून कोण थोर ठरत नाही. गोन्सालेसला एनबीएच्या बॉस्टनने घेतलं आणि त्याला घेताना तो मोठ्या माणसांत कसा बचाव करतो हे त्यांनी नक्की पाहिलं असणार. तेव्हा भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर सरळ “नाही” असं नाही. बाकावर बसून शिकता येतं, पण शिकल्याचं कोणाला दिसत नाही.

स्पेनमधल्या लोकांनाही हे कळतं. 2025-26 पासून त्यांनी बावीस वर्षांखालच्यांसाठी ‘लीगा यू’ नावाची वेगळी स्पर्धा सुरू केली, कारण अठरा-एकोणीसची मुलं धडाधड अमेरिकेला निघाली होती.

स्पेनच्या बाजूने बोलायचं तर प्रशिक्षण अव्वल. पायांची ठेवण, पिक अँड रोल (सोबत्याच्या आडोशाने केलेली चाल) वाचणं, चेंडू न घेता जागा करणं या बाबतीत तिथलं सोळा वर्षांचं पोर इतरांच्या दोन वर्षं पुढे असतं. एक नियमही कामाचा आहे. एसीबीच्या प्रत्येक संघाला ‘कूपो’चे, म्हणजे स्पेनमध्ये घडलेले ठरावीक खेळाडू ठेवावेच लागतात. त्यासाठी पासपोर्ट स्पॅनिश लागत नाही, चौदा ते वीस या वयात तीन हंगाम तिथे खेळलेले लागतात. सतराव्या वर्षी जाणाऱ्यासाठी हा दरवाजा जेमतेम उघडा असतो. आणि अठरा पूर्ण होण्याआधी एका देशातून दुसऱ्या देशात बदली करायला फीबाची, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेची, खास परवानगी लागते. चाचणीला बोलावणारा माणूस हे आपणहून सांगत नाही. आम्हाला तिसऱ्या फोनला कळलं.

जर्मनी: कमी झगमगाट, जास्त खेळ

इथे माझा कल उघडा आहे, तो लपवत नाही.

बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या पहिल्या श्रेणीत, अठरा संघ. नियम सहा अधिक सहा: बारा जणांच्या संघपत्रकावर किमान सहा जर्मन. त्यामुळे जर्मन पासपोर्टवाल्या पोराला जागा मिळते असं नाही, पण त्याच्याकडे बघावं तरी लागतं. खाली प्रो-ए आणि प्रो-बी, म्हणजे दुसरी आणि तिसरी श्रेणी. खरी गंमत आहे दुहेरी परवान्यात. तरुण खेळाडू एकाच हंगामात वरच्या क्लबाच्या बाकावर बसू शकतो आणि सहयोगी क्लबातून प्रो-बीमध्ये तीस मिनिटं खेळूही शकतो. मंगळवारी पहिल्या संघाबरोबर सराव, शनिवारी प्रो-बी, रविवारी एकोणीस वर्षांखालच्यांचा सामना. पोरगं दमतं, पण खेळतं.

याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे उल्म. डॅन्यूबकाठचं मध्यम गाव, चर्चच्या उंच मनोऱ्यासाठी प्रसिद्ध. नदीच्या पलीकडे नॉय-उल्म, आणि तिथे सहा हजारांचा हॉल. या क्लबाने ठरवून तरुणांवर पैज लावली. किलियन हेज इथून 2020 मध्ये सातवा गेला. 2025 मध्ये नोआ एसेंग बारावा आणि बेन साराफ सव्विसावा, तेही बायर्न म्युनिकविरुद्धची अंतिम मालिका चालू होती त्याच आठवड्यात. ती मालिका उल्म 2-3 ने हरलं, पण दोन कोवळी पोरं लीगच्या अंतिम मालिकेत संघाचा भार उचलतायत हे चित्र माद्रिदमध्ये सहसा दिसायचं नाही. आणि तरुणांना खेळवलं की जेतेपद जातं, असंही नाही. 2023 मध्ये साखळीत सातवं आलेलं हेच उल्म आल्बा, बायर्न आणि बॉन या तिघांना बाद फेरीत गारद करून चॅम्पियन झालं.

आता उणी बाजू. जर्मन संघ आज जोरात आहे, 2023 ची विश्वचषक स्पर्धा आणि 2025 ची युरोबास्केट, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, दोन्ही त्यांनी जिंकल्या. पण क्लब पातळीवर वरचं छत बुटकं आहे. आल्बा बर्लिनने 2025 मध्ये युरोलीग सोडली, आता तिथे जर्मनीचा एकटा बायर्न उरला. शिवाय उल्ममध्ये चमकलेली बरीच नावं बाहेरून आणलेली आहेत. हेज आणि एसेंग फ्रान्समधून आले, साराफ इस्रायलमधून. म्हणजे ‘तरुणांना खेळवतात’ याचा अर्थ ‘आपल्या गावच्या पोराला खेळवतात’ असा आपोआप होत नाही. कोचला थेट विचारायचं: गेल्या तीन हंगामांत तुमच्या अकादमीतून आलेल्या, इथेच वाढलेल्या किती मुलांना पहिल्या संघात दहा मिनिटांच्या वर खेळवलं? आमच्या कोचने क्षणभर छताकडे बघितलं आणि म्हणाले, “एक.” मला तो माणूस आवडला.

शाळेचं इथे जमतं. प्रो-बीमधली अर्धी मुलं विद्यापीठात शिकत असतात किंवा कुठे तरी उमेदवारी करत असतात. गुडघ्याचा लिगामेंट फाटला तर त्या मुलाकडे आठ महिने करायला काही तरी असतं. डॉन्चिचच्या गोष्टीत हा भाग नसतो, आपल्या गोष्टीत तो असण्याची शक्यता बरीच.

फ्रान्समधून दोन पुरावे

भाचा फ्रान्सला जाणार नाही. त्याला भाषा येत नाही आणि शिकायची इच्छाही नाही. पण माझं म्हणणं मला सर्वांत पटवून दिलं ते फ्रान्सनेच.

विक्टर वेम्बान्यामा 2021-22 मध्ये विलुर्बानच्या आस्वेल क्लबात होता. फ्रान्सचा चॅम्पियन, युरोलीगमधला क्लब, अध्यक्ष एनबीए गाजवलेला टोनी पार्कर. यापेक्षा मोठं घर त्या देशात नव्हतं. दुखापती झाल्या, मिनिटं तुटक तुटक मिळाली. पुढच्या हंगामात त्याने काय केलं? युरोलीग सोडली. पॅरिसजवळच्या लेव्हालुआच्या मेट्रोपोलिटन्स 92 या क्लबात गेला. तिथे व्हँसाँ कोले कोच होते, युरोपातली कोणतीच स्पर्धा नव्हती, आठवड्याला एक सामना, आणि मधले दिवस व्यायामाला, झोपेला, अंगावर मांस चढवायला. सामन्यात तीसच्या वर मिनिटं. हंगाम संपला तेव्हा तो फ्रेंच लीगचा सर्वाधिक गुण करणारा आणि सर्वोत्तम खेळाडू होता, क्लब अंतिम फेरीत होता, आणि 2023 च्या ड्राफ्टमध्ये तो पहिला गेला. तो गेल्यावर पुढच्याच हंगामात क्लब तळाला गेला ही गोष्ट निराळी.

त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तेच. झकारी रिसाशे हाही आस्वेलचा. त्याला उसनवारीवर बूरला पाठवलं, जे युरोलीगच्या एक पायरी खालच्या युरोकपमध्ये खेळतं. 2024 च्या ड्राफ्टमध्ये तोही पहिला.

लागोपाठ दोन वर्षं जगातला पहिल्या क्रमांकाचा तरुण एकाच मोठ्या क्लबाकडून निघून लहान क्लबात खेळून वर आला. योगायोग एकदा म्हणता येतो.

बेलग्रेडची टपरी

टपरी हा शब्द मी आदराने वापरतोय. मेगा हा बेलग्रेडचा क्लब एड्रिअॅटिक लीगमध्ये खेळतो आणि त्याचा सरळ धंदा आहे: पोरं घ्या, खेळवा, विका. हा क्लब एजंट मिश्को राझ्नातोविच यांच्याशी जोडलेला आहे, आणि तेच निकोला योकिचचे एजंट. योकिच 2014 मध्ये एक्केचाळिसावा निवडला गेला. त्याची निवड जाहीर होत होती तेव्हा अमेरिकन वाहिनीवर जाहिरात चालू होती, हा किस्सा सगळ्यांना पाठ आहे. त्यापेक्षा महत्त्वाचं हे की निवड झाल्यावरही तो लगेच पळाला नाही. आणखी एक हंगाम मेगातच राहिला आणि एड्रिअॅटिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढे तीनदा एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू.

मिनिटांच्या हिशेबात मेगाशी कोणाची बरोबरी नाही. पण क्लब आणि एजंट इतके जवळचे असले की तुमच्या बाजूने भांडणारा माणूस कोण, हा प्रश्न उरतो. अठरा वर्षांचा मुलगा, परका देश, सर्बियन भाषा, आणि टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकाच घरातली माणसं. ताई हे ऐकूनच म्हणाली, “बेलग्रेड नको.” तिचं बरोबर आहे की नाही मला ठरवता येत नाही. सर्बियन मुलासाठी तो पहिला पर्याय असेल, आमच्यासाठी चौथा.

ग्रीस, तुर्की, लिथुआनिया: इथे कारकीर्द सुरू करायला जावं असं मला वाटत नाही, तिथे कमवायला जावं. अथेन्समधले दोन मोठे क्लब किंवा इस्तंबूलचे फेनरबाचे आणि एफेस घडवण्यापेक्षा घडलेला माल विकत घेतात. अपवाद आहेत. अल्पेरेन शेंगून अठराव्या वर्षी बेशिक्ताशकडून खेळताना तुर्की लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण तो त्यांच्या घरचा मुलगा, आणि क्लब फेनरबाचे नव्हे. यानिस आदेतोकुन्बो ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीत खेळत होता आणि तिथून थेट 2013 मध्ये पंधरावा गेला. पुन्हा तेच: लहान घर, भरपूर खेळ. कौनासला मात्र एकदा सामना बघायला जाऊन या. पंधरा हजारांचा हॉल, आणि आज्ज्या पंचांना शिव्या देतात.

अमेरिकेचा फोन

पाच वर्षांपूर्वी ही तुलना सोपी होती. युरोपात पगार, अमेरिकेत शिक्षण. आता तिकडे पैसाही आहे. जून 2025 मधल्या न्यायालयीन तडजोडीनंतर प्रत्येक विद्यापीठाला सगळ्या खेळांच्या खेळाडूंत मिळून 2025-26 मध्ये सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर वाटायची मुभा मिळाली, आणि जाहिरातींची कमाई त्याखेरीज. अठराव्या वर्षी युरोपातल्या बहुतेक क्लबांना त्या आकड्यांशी झुंजता येत नाही.

फ्रांझ वाग्नर हा या वाटेचा चांगला वाटसरू. आल्बा बर्लिनमध्ये त्याला पहिल्या संघात जागा होती, तरी 2019 मध्ये तो मिशिगनला गेला. दोन वर्षांनी आठवा निवडला गेला. आणि तेव्हा हा पैसा नव्हताच.

मग अडचण काय? पहिली अडचण, फोन करणारा सहायक कोच पुढच्या वर्षी त्याच कॉलेजात असेलच असं नाही. कोच दर वसंतात बदलतात आणि खेळाडूही. दुसरी अडचण, विद्यार्थी व्हिसावर काम करून कमावण्याला बंधनं आहेत. परदेशी मुलाने हा पैसा नेमका कसा घ्यायचा यात कायद्याचा गुंता आहे, त्याला वकील लागतो, आणि तो वकील कॉलेजचा नको, आपला हवा. तिसरी अडचण खेळाची. कॉलेजात हंगामाला तीस-पस्तीस सामने, समवयस्कांविरुद्ध. प्रो-बीमध्ये आमच्या पोराला तेहतीस वर्षांचा, पोट सुटलेला, कोपर कुठे मारायचं हे जाणणारा गडी भेटतो. ते शिक्षण कोणत्याच विद्यापीठात नाही.

तरी सांगतो, लेखी आकडा आला तर मी त्याच्याकडे नाक मुरडणार नाही. अजून तरी अंगठेच येतायत.

कागदात काय बघायचं

युरोपात पगार बहुतेक वेळा हातात पडणारा सांगतात. कर क्लब भरतो, बरोबर घर, गाडी, वर्षाला ठरावीक विमानतिकिटं. अमेरिकेतला आकडा करापूर्वीचा असतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवून ‘तिकडे दुप्पट’ म्हणणारा नातेवाईक प्रत्येक घरात असतो, त्याला चहा द्या आणि बसवा. एजंटाची दलाली साधारण दहा टक्के, आणि युरोपात ती सहसा क्लब देतो. एजंटाकडे फीबाचा परवाना आहे की नाही ते बघायला पाच मिनिटं लागतात.

पगार उशिरा येणं हा युरोपीय बास्केटबॉलचा जुना रोग. जर्मनीत परवाना देताना लीग क्लबांचे हिशेब बारकाईने तपासते, म्हणून इथे तो कमी. दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे लहान क्लबात जायचं तर करारात बॅटचं कलम हवंच. बॅट म्हणजे फीबाचा बास्केटबॉल लवाद, 2007 पासूनचा, मुख्य ठिकाण जिनिव्हा. कामकाज इंग्रजीत चालतं, बहुतेकदा एकच लवाद कागदपत्रांवरून निवाडा देतो, आणि क्लबाने तो मानला नाही तर फीबा त्याला नवे खेळाडू नोंदवायला बंदी करू शकते. गावातल्या कोर्टात ग्रीक किंवा तुर्की भाषेत खटला चालवण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं.

आणि बायआउट. करार मोडून जायचं तर किती मोजायचे, तो आकडा. रिकी रुबिओ चौदाव्या वर्षी एसीबीमध्ये उतरला, 2009 मध्ये एनबीएच्या मिनेसोटाने त्याला पाचव्या क्रमांकावर निवडलं, पण होवेन्तूत क्लबाबरोबरच्या करारातला आकडा एवढा मोठा होता की तो अमेरिकेला पोहोचला 2011 मध्ये, मध्ये दोन वर्षं बार्सिलोनात काढून. एनबीएचा संघ या रकमेतला मर्यादित वाटाच उचलू शकतो, बाकीचं खेळाडूच्या खिशातून. सतराव्या वर्षी सही करताना पाच वर्षांचा करार मानाचा वाटतो. मला विचाराल तर दोन वर्षं, आणि बाहेर पडायचा आकडा दरवर्षी उतरता.

पासपोर्टचं एक सांगून टाकतो, कारण आपल्या घरांत तो विषय अवघड होतो. ताईच्या कुटुंबाने भाचा चौदा वर्षांचा असताना जर्मन नागरिकत्व घेतलं. फीबाच्या नियमानुसार सोळाव्या वर्षानंतर नागरिकत्व घेतलेला खेळाडू राष्ट्रीय संघात एकच चालतो, त्यामुळे ते वेळेत झालं. जर्मनीने 2024 मध्ये दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिली, भारत देत नाही. ओसीआय कार्डावर भारताकडून खेळता येत नाही. आजोबांना अजून वाटतं की नातू निळ्या जर्सीत दिसेल. त्यांना कोणी सांगितलेलं नाही, आणि मीही सांगणार नाही.

ड्राफ्ट झालाच नाही तर

बहुतेकांचा होत नाही. म्हणून मला डॉन्चिचपेक्षा काइल हाइन्सची गोष्ट जवळची वाटते. अमेरिकेतल्या लहान कॉलेजातून आलेला, सेंटरच्या, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्याच्या मानाने बुटका, एक मीटर अठ्ठ्याण्णव, कोणी न निवडलेला. इटलीच्या दुसऱ्या श्रेणीत वेरोलीला सुरुवात, मग जर्मनीत बाम्बेर्ग, तिथून ऑलिम्पियाकोस, मग मॉस्को, मग मिलान. चार युरोलीग जेतेपदं. प्रत्येक पायरीवर आधी खेळला, मग वर चढला. युरोलीगच्या वरच्या फळीतल्या खेळाडूंना आज वर्षाला वीस लाख युरोच्या वर मिळतात, तेव्हा एनबीए नाही म्हणजे उपाशी राहिलो असं नाही.

आणि बाकाबद्दल बोलायचंच तर सर्हिओ युल. 2009 मध्ये ड्राफ्ट झाला, एनबीएचं ह्यूस्टन वर्षानुवर्षं बोलावत राहिलं, तो माद्रिद सोडून गेला नाही. 2023 च्या युरोलीग अंतिम सामन्यात, कौनासला, पस्तीस वर्षांच्या युलने सबंध सामन्यात एकही बास्केट केली नव्हती. शेवटचे काही सेकंद उरले असताना ऑलिम्पियाकोसच्या उंच बचावपटूच्या हातावरून त्याने एकच फटका मारला. 79-78. तेवढेच त्याचे दोन गुण. तो बाकावर बसायला लायक होता, कारण त्याआधी पंधरा वर्षं तो बाकावर बसला नव्हता.

परवा ताईकडे जेवायला गेलो तेव्हा इथल्या क्लबाचा करार टेबलावर होता. दोन वर्षांचा, दुहेरी परवाना, प्रो-बीमध्ये खेळायचं, पहिल्या संघाबरोबर आठवड्याला तीन सराव. मिनिटांचा आकडा कुठल्याच करारात लिहीत नाहीत, तो कोच तोंडी सांगतात. भाच्याने तो वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला होता: “प्रो-बी 25, वर 0 ते 5.” स्पेनची चाचणी तो ईस्टरच्या सुट्टीत देऊन येणार आहे, बघायला काय हरकत आहे म्हणून. ताईने चष्मा लावून करार पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, परत पहिल्या पानावर गेली आणि विचारलं, “यात गणिताच्या परीक्षेच्या आठवड्यात सराव आहे का नाही, ते कुठे लिहिलंय?”

ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. भाच्याने पेन घेतलं आणि समासात लिहून क्लबाला फोटो पाठवला.